मनातला मुकादम

दुकानातला फोन वाजतो. पलीकडून कुणीतरी विचारतं, "आजोबांच्या पंच्याहत्तरीला मानपत्र करायचं आहे, हातानं लिहिलेलं. किती घ्याल?" मी आकडा सांगायला तोंड उघडतो, तेवढ्यात आतून कुणीतरी बोलतं, "कशाचे एवढे मागतोस? तुझ्या अक्षरात असं आहे तरी काय?" मनात तीन हजार असलेला आकडा तोंडातून बाहेर पडेपर्यंत पंधराशे होतो. बिचाऱ्या गिऱ्हाइकानं घासाघीस केलेलीच नसते. ती माझी मीच केलेली असते.

हा जो आतून बोलतो, त्याला मी मुकादम म्हणतो. रस्त्याच्या कामावर देखरेखीला उभा असतो ना, तसा. फरक एवढाच की खऱ्या मुकादमाची संध्याकाळी सहाला सुट्टी होते. हा आपल्याबरोबर घरी येतो, जेवायला बसतो आणि रात्री दोन वाजता उठवून विचारतो, "कालच्या पत्रिकेतली ती वेलांटी तुला बरोबर वाटते का?"

प्रत्येकाच्या मनात असा एखादा मुकादम असतो. पण जे आपल्या कलेवर पोट भरतात, त्यांच्याकडे तो जरा जास्तच मुक्कामाला असतो. कुणी मूर्ती करतं, कुणी केक सजवतं, कुणी लग्नाचे फोटो काढतं, कुणी भरतकाम करतं, कुणी अनुवाद करतं, कुणी घरी गाण्याचे वर्ग घेतं. हल्ली या मंडळींना सर्जनशील उद्योजक असं भारदस्त नाव मिळालं आहे. साध्या भाषेत सांगायचं तर कारागीरही तेच आणि दुकानदारही तेच. मीही त्यांच्यातलाच एक.

मी कविता लिहितो. कवितेवर घर चालत नाही, हे आपल्याला सांगायला नको. बी. ए. झाल्यावर मिरजेत दुकानांचे बोर्ड रंगवायला लागलो. पुढे फ्लेक्स आला आणि ब्रश कोपऱ्यात गेला. मग मानपत्रं, लग्नपत्रिका, पुस्तकांची मुखपृष्ठं असं काम सुरू केलं. मजकूर माझा आणि अक्षरही माझंच. छोटं दुकान आहे, हाताखाली एक मुलगा आहे. बरं चाललं होतं.

२०१६ साली एका संस्थेचा सुवर्णमहोत्सव होता. त्यांना पंचवीस मानपत्रं हवी होती, पंचवीस वेगवेगळ्या माणसांसाठी, प्रत्येकाचा मजकूर वेगळा. मुदत पंधरा दिवसांची आणि काम पन्नास हजारांच्या आसपासचं. माझ्यासारख्याला एवढं काम वर्षातून एकदा मिळालं तर मिळतं. मी पहिल्या मानपत्राचा मजकूर लिहिला आणि मुकादम म्हणाला, "हे वाचून लोक हसतील." मी तो फाडला. दुसरा लिहिला, तोही फाडला. नऊ दिवसांत मी सतरा मजकूर लिहिले आणि सतराही फाडले. संस्थेचे फोन यायचे, मी उचलायचो नाही. दहाव्या दिवशी त्यांचा माणूस दुकानात आला, टेबलाकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "आम्ही दुसरीकडे बघतो." त्यांनी काम दुसरीकडून छापून घेतलं. त्यांची काहीच चूक नव्हती.

ईद पंधरा दिवसांवर आली होती आणि हाताखालच्या मुलाला मी पगार कबूल केला होता. तो पगार माझ्या बायकोनं शिवणकामाच्या डब्यातल्या पैशांतून दिला. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "नको बोले रहते तो बी चल्या रहता. तुम तो कुच बोलेच नै." म्हणजे, नाही म्हणाला असतात तरी चाललं असतं, तुम्ही तर काहीच बोलला नाहीत. आमच्या घरच्या दख्खनी बोलीतलं हे वाक्य माझ्या डोक्यात फार दिवस राहिलं. मी आळशीपणा केला नव्हता. नऊ दिवस मान मोडून काम केलं होतं. तरीही हातात काही नव्हतं. त्या दिवसापासून मी या मुकादमाचा नीट अभ्यास करायला लागलो. त्यातून जे हाती लागलं, ते आज आपल्यासमोर ठेवतो.

पहिला प्रश्न असा की हा आवाज कलेचा व्यवसाय करणाऱ्यालाच इतका का छळतो? नोकरीत साहेब ओरडला तरी महिन्याच्या एक तारखेला पगार होतो. साहेब ओरडतो तो कामावर, आणि संध्याकाळी आपण ते काम कचेरीत ठेवून घरी येतो. आपल्या धंद्यात ही भिंत नसते. गिऱ्हाइकाला पत्रिका आवडली नाही की वाटतं, त्याला आपणच आवडलो नाही. कमाईचाही भरवसा नसतो. लग्नसराईत मान वर करायला फुरसत नाही आणि श्रावणात माश्या मारायच्या. रिकाम्या दुकानात बसलेल्या माणसाला कारण हवं असतं. "मंदी आहे" यापेक्षा "माझ्यातच काही नाही" हे कारण मनाला पटकन सापडतं. ते जवळच असतं ना!

त्यातही एक गंमत बघा. काम चांगलं झालं, लोकांनी नावाजलं, की मुकादम गप्प बसेल असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. १९७८ साली अमेरिकेत पॉलिन क्लॅन्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञ बाईंनी दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांविषयी लिहिलं. पदव्या होत्या, मानमरातब होता, तरी या बायकांना आतून वाटत होतं की आपण लोकांना फसवतो आहोत आणि एक दिवस आपलं पितळ उघडं पडणार. पुढे ही भावना पुरुषांतही आढळली. मराठीत यासाठी तोतया हा शब्द चपखल आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, ती कथा आपल्याला ठाऊक आहे. तो खोटा असून लोकांनी आपल्याला खरं मानावं म्हणून धडपडत होता. इथे उलटं असतं. माणूस खरा असतो आणि आपण तोतया ठरू या भीतीनं रात्र रात्र जागतो.

माझ्या बाबतीत या भीतीला आणखी एक पदर आहे. सभेत कविता वाचली की कुणीतरी प्रेमानं जवळ येतं आणि म्हणतं, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण शेजारी बसलेल्या जोशी-पाटलांना असं कुणी म्हणत नाही. मिरजेत जन्मलो, मराठी शाळेत शिकलो, बी. ए. मराठी घेऊन झालो, तरी हे कौतुक ऐकलं की मुकादम कान टवकारतो. "बघ, तुझी परीक्षा चालू आहे. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळ." लोक विसरून जातात, तो विसरत नाही. ते सतरा मजकूर मी का फाडले याचा विचार केला, तेव्हा हे लक्षात आलं. मला फक्त चांगलं लिहायचं नव्हतं, कुणालाही बोट ठेवता येऊ नये असं लिहायचं होतं. तसं कुणालाच लिहिता येत नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, त्याला साडेतीनशेहून अधिक वर्षं झाली. या भाषेत माझी जागा कुणी देण्याची वाट बघायला नको, ती केव्हाची आहे. पण हे मुकादमाला कोण सांगणार?

आपल्यापैकी प्रत्येकाच्या मुकादमाकडे असं एखादं जुनं वाक्य असतं. कुणाला चित्रकलेच्या तासाला मास्तर म्हणालेले असतात, "हा घोडा आहे की गाढव?" कुणाच्या घरी म्हटलेलं असतं, "हे थेर पोट भरणार आहेत का?" तो आवाज आपल्याला आपला वाटतो, पण पुष्कळदा शब्द दुसऱ्याचे असतात. आणि एक गोष्ट त्याच्या बाजूनंही सांगायला हवी. तो वैरी म्हणून आलेला नसतो. आपलं हसं होऊ नये, आपल्याला मार बसू नये, म्हणून तो राखणीला बसलेला असतो. फक्त राखण करता करता तो घरच्या माणसालाच आत येऊ देईनासा होतो.

मग त्याला हाकलून द्यावं का? मी तो प्रयोग करून बघितला. "आता वाईट विचार करायचा नाही" असं वहीत लिहून ठेवलं. काही उपयोग झाला नाही. का झाला नाही, याचं उत्तर डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ सालच्या एका प्रयोगात आहे. त्यांनी लोकांना सांगितलं, पाच मिनिटं मनात येईल ते बोलत राहा, पण पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजत राहिली. नंतर जेव्हा सांगितलं की आता खुशाल अस्वलाचा विचार करा, तेव्हा आधी विचार दाबून ठेवणाऱ्यांच्या मनात ते अस्वल जास्तच आलं. मुकादमाचंही तसंच आहे. दार लावून घेतलं की तो खिडकीतून हाका मारतो.

स्वतःची खोटी स्तुतीही कामाला येत नाही. आरशासमोर उभं राहून "मी महान कलावंत आहे" असं म्हणून बघा. आतून लगेच हसू येतं आणि ते हसू मुकादमाचंच असतं.

मला वाट सापडली ती माझ्या गावात, आणि तीही मामूंच्या कारखान्यात.

मिरज हे तंतुवाद्यांचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी हत्यारांना धार लावण्याचं पिढीजात काम सोडून वाद्यं दुरुस्त करायला आणि मग घडवायला सुरुवात केली. त्यातून सतारमेकरांची गल्लीच उभी राहिली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीच्या लाकडाची दांडी, आणि महिना-दोन महिन्यांची मेहनत. माझे एक लांबचे मामू आयुष्यभर तंबोरे करत आले. कलेचा धंदा करणारे ते मला माहीत असलेले सर्वांत जुने उद्योजक, मात्र त्यांना कुणी तसं म्हटलं तर ते चष्म्यावरून बघतील.

तंबोऱ्यात शेवटचं आणि सगळ्यांत नाजूक काम असतं जवारीचं. तबलीवर जी घोडी बसवलेली असते, तिच्यावरून तारा जातात. या घोडीचा माथा वरवर सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर घासत थरथरते आणि तंबोऱ्याचा तो भरलेला, झिणझिणता नाद उमटतो. तो उतार कानशीनं घासून जुळवायचा, याला जवारी लावणं म्हणतात. थोडं कमी घासलं तर आवाज बंद, थोडं जास्त घासलं तर आवाज फाटतो, आणि फारच घासलं तर घोडी वाया.

संस्थेचं काम गेल्यावर मी बरेच दिवस दुपारी मामूंकडे जाऊन बसायचो. ते काय करतात ते बघायचो. तार बाजूला करायची, कानस दोन-चार वेळा फिरवायची, भुकटी पुसायची, तार परत जागेवर घ्यायची, छेडायची आणि डोळे मिटून ऐकायचं. मग पुन्हा तार बाजूला. एकदा मी विचारलं, "मामू, घासताना कळतं का आवाज कसा लागेल ते?" ते म्हणाले, "घिसते वक्त सुनना नै, सुनते वक्त घिसना नै." घासताना ऐकायचं नाही, ऐकताना घासायचं नाही.

मी नऊ दिवस काय करत होतो ते मला त्या क्षणी कळलं. मी दोन्ही एकदम करत होतो. एक ओळ लिहायची आणि शाई वाळायच्या आत तिला फाशी द्यायची. मुकादमाचं काम ऐकण्याचं होतं आणि मी त्याला हातात कानस देऊन बसवलं होतं.

याला विज्ञानाचाही थोडा आधार आहे. २००८ साली चार्ल्स लिम्ब आणि ॲलन ब्राउन यांनी सहा व्यावसायिक जाझ पियानोवादकांच्या मेंदूची प्रतिमा घेतली. त्यांना आधी पाठ केलेलं वाजवायला सांगितलं, मग ऐन वेळी सुचेल ते वाजवायला सांगितलं. सुचेल ते वाजवताना, स्वतःवर पहारा ठेवण्याशी ज्याचा संबंध जोडला जातो, तो कपाळामागच्या मेंदूचा बाजूचा भाग शांत झालेला दिसला. सहाच माणसांचा हा प्रयोग आहे, त्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण आपल्याकडच्या तानेत रंगलेल्या गवयाकडे बघितलं, तर हे खोटं वाटत नाही.

तेव्हापासून मी मुकादमाला वेळ नेमून दिली. सकाळी दहा ते बारा मी फक्त लिहितो. वाईट लिहितो, चालतं. त्या दोन तासांत काही फाडायचं नाही, खोडायचं नाही, असा नियम. मनात टीका आलीच तर ती बाजूच्या कागदावर एका ओळीत टिपून ठेवायची, म्हणजे तिला वाटतं आपली नोंद झाली. दुपारी चार वाजता चहा घेऊन तो कागद आणि सकाळचं काम समोर ठेवायचं आणि मुकादमाला म्हणायचं, "बोला आता." सहा तासांनी तोही जरा निवलेला असतो. सकाळच्या दहा तक्रारींपैकी सहा त्यालाच आठवत नाहीत. उरलेल्या चारांत दोन खरोखर कामाच्या निघतात.

कामाच्या कोणत्या आणि बिनकामाच्या कोणत्या, हे ओळखायची एक साधी खूण आहे. टीका ऐकली की विचारायचं, ही कामाविषयी आहे की माझ्याविषयी? "तुला लिहिता येत नाही" हे माझ्याविषयी झालं. त्यावर मी काय करणार? "तिसऱ्या ओळीत दोन विशेषणं जास्त झाली" हे कामाविषयी झालं. त्यावर लगेच काहीतरी करता येतं. म्हणून मुकादम "तू" म्हणून सुरू झाला की त्याला अडवायचं. "मी कसा आहे ते राहू द्या. या कागदावर बोट ठेवून दाखवा, काय चुकलंय?" दाखवता आलं तर दुरुस्त करायचं. दाखवता आलं नाही तर पुढच्या कामाला लागायचं. मामू तंबोऱ्याला कधी नालायक म्हणत नाहीत. "खरज जरा बंद बोलतोय," एवढंच म्हणतात.

दुसरी युक्ती मला कवितेनं शिकवली, फक्त ती युक्ती आहे हे कळायला पन्नाशी यावी लागली. आपले संतकवी अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव घालतात. नामदेव असोत, जनाबाई असोत, तुकाराम असोत, बोलणारे तेच, पण स्वतःविषयी बोलतात ते नाव घेऊन, जणू शेजारी बसलेल्या माणसाविषयी बोलावं तसं. उर्दू गझलेतही शेवटच्या शेरात, ज्याला मक्ता म्हणतात, शायर आपलं टोपणनाव म्हणजे तखल्लुस घालतो आणि स्वतःलाच दोन गोष्टी सुनावतो. रामदासांनी तर मनाशी बोलण्यासाठी दोनशे पाच श्लोक लिहिले आणि त्या मनाला हाक मारली ती सज्जन म्हणून. हट्टी, चंचल म्हणून ज्याची तक्रार करायची, त्यालाच आधी सज्जन म्हणायचं, हे मला फार मोठं वाटतं. मुकादम आपल्याला अशी हाक कधी मारत नाही.

२०१४ साली ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोष्टीची परीक्षाच घेतली. लोकांना अगदी थोड्या वेळात तयारी करून परीक्षकांसमोर भाषण द्यायला सांगितलं. काहींना सांगितलं, आपल्या मनाची तयारी "मी" म्हणून करा. काहींना सांगितलं, स्वतःचं नाव घेऊन करा. नाव घेऊन स्वतःशी बोलणाऱ्यांची भाषणं जास्त चांगली झाली आणि नंतर त्यांना लाज, खंतही कमी वाटली. कारण सोपं आहे. मित्र अडचणीत असला की आपल्याला शहाणपण सुचतं. स्वतःचं नाव घेतलं की आपण स्वतःला घडीभर मित्राच्या जागी बसवतो.

म्हणून काम अडलं की मी वहीत स्वतःला चार ओळींचं पत्र लिहितो, नावानिशी. "तुला भीती कशाची वाटते? मागच्या महिन्यात असंच वाटलं होतं, तेव्हा काय झालं? आज यातलं किती करता येईल?" आपणही करून बघा. मोठ्यानं बोलायची गरज नाही, नाहीतर घरचे काळजीत पडतील.

आता पैशाची गोष्ट, कारण मुकादमाचा खरा घाव तिथे बसतो. गिऱ्हाईक समोर उभं असताना भाव ठरवायचा नाही, असं मी ठरवलं. भाव एका रविवारी निवांत बसून, कागदावर हिशेब मांडून ठरवला. एका मानपत्राचा मजकूर तीन तास, हातानं लिहिणं पाच तास, गिऱ्हाइकाशी बोलणं आणि दुरुस्त्या दोन तास, असे दहा तास. तासाला दोनशे धरले तर दोन हजार. कागद, रंग आणि चौकट नऊशे. दुकानाचं भाडं आणि वीज यांचा वाटा तीनशे. एकूण तीन हजार दोनशे. मी घेत होतो पंधराशे! म्हणजे बाराशे खर्चाचे वजा जाता दहा तासांच्या मेहनतीचे तीनशे रुपये. हा हिशेब लिहून काढल्यावर बराच वेळ मी तसाच बसून राहिलो. इतकी वर्षं मुकादमाचा पगार मीच भरत होतो.

आता तो दरपत्रक भिंतीवर आहे. कुणी विचारलं की मी बघून सांगतो. त्यात माझी लायकी किती, हा प्रश्नच येत नाही, तासांचा आणि कागदाचा हिशेब येतो. काही गिऱ्हाइकं जातात. ती जाताना अजूनही आत कळ येते, खोटं कशाला बोलू? पण एखाद्याला परवडत नसेल आणि काम मनापासून करावंसं वाटलं, तर मी कमी घेतो. तेव्हा कमी घ्यायचं मी ठरवलेलं असतं. भीतीनं कमी घेणं आणि प्रेमानं कमी घेणं यांत पैसे तेवढेच जातात, पण झोप वेगवेगळी लागते.

एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी. मी बोललो ते रोजच्या कुरबुरीविषयी. हा आवाज दिवसचे दिवस थांबेनासा झाला, झोप आणि भूक उडाली, जगण्यात राम नाही असं वाटायला लागलं, तर तो मुकादम नव्हे, ते आजारपण आहे. त्याला वही आणि युक्त्या पुरत नाहीत. ताप आल्यावर जसे डॉक्टरकडे जातो तसं जायचं. सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा २०२२ साली सुरू झाली आहे, १४४१६ या क्रमांकावर तिथे मराठीतही बोलता येतं. आपल्या क्षेत्रात दुःख ही कलेची किंमत आहे असं मानायची एक जुनी खोड आहे. ती सोडावी. मी चांगल्या कविता लिहिल्या त्या बहुतेक पोटभर जेवून, नीट झोपून लिहिल्या आहेत.

मुकादम गेला का, असं आपण विचाराल. नाही गेला. हे भाषण लिहितानाही तो होता. दुसऱ्या पानावर म्हणाला, "रेडिओवर कोण ऐकतं?" मी ते बाजूच्या कागदावर टिपून ठेवलं. दुपारी चार वाजता बघितलं तर त्याखाली त्याचीच आणखी एक ओळ होती, "अस्वलाची गोष्ट लांबली आहे." ती बरोबर होती. मी तिथली चार वाक्यं काढली.

गेल्या वर्षी मामूंकडे पुण्याची एक विद्यार्थिनी तंबोरा न्यायला आली होती. तिनं विचारलं, "चाचा, आता अगदी परफेक्ट झाला ना?" मामूंनी शेवटचा सुताचा दोरा तारेखाली सरकवला, चारी तारा एकदा छेडल्या आणि तंबोरा तिच्या हातात दिला. म्हणाले, "ले जा बेटी, बजा. सहा महिन्यांनी परत आण, तेव्हा बघू." तिच्या चेहऱ्यावर थोडी शंका होती. मामू तोवर पुढची घोडी घासायला लागले होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)